यीस्टचा टर्बिडोस्टॅट, चार हजार रुपयांत: प्रकल्प नोंदी

२ जुलै २०२४

कराडजवळच्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तिसऱ्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांना घेऊन यंदा टर्बिडोस्टॅट बांधायचं ठरवलंय. ज्यांना हेच करायचंय त्यांना आमचा खर्च, आमच्या अडचणी आणि दुरुस्त्या उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी ठेवतेय.

यंत्राचं काम थोडक्यात सांगते. काचेच्या छोट्या बाटलीत (व्हायलमध्ये) यीस्ट वाढतं, द्रव गढूळ होत जातो. गढूळपणा ठरलेल्या पातळीच्या वर गेला की पंप ताजं मीडियम (पेशींचं पोषक द्रव) सोडतो आणि तेवढाच जुना द्रव बाहेर पडतो. पेशी दिवसेंदिवस एकाच अवस्थेत, एकाच वेगाने वाढत राहतात. सिंथेटिक बायॉलॉजीत, म्हणजे पेशींच्या जनुकांची नव्याने जुळणी करण्याच्या शास्त्रात, जनुकीय सर्किट (एकमेकांना चालू-बंद करणारी जनुकं) तपासायला अशी स्थिर वाढ फार मोलाची असते. कल्पना जुनी आहे, १९५२ सालची. गेल्या काही वर्षांत वॉशिंग्टन विद्यापीठाचा स्वस्त टर्बिडोस्टॅट, बॉस्टनचा ईव्हॉल्व्हर (२०१८) आणि ऑक्सफर्डचा ची.बायो (२०२०) यांचे आराखडे सगळ्यांना खुले झाले. पण त्यातल्या छापील सर्किट बोर्डांचा आणि परदेशी पंपांचा खर्च आमच्या विभागाला झेपणारा नाही. आमच्याकडे मंजूर झालेत ६,००० रुपये. म्हणून आराखडा समजून घ्यायचा आणि भाग आपल्या बाजारातले लावायचे.

जनुकबदल केलेले जंतू या यंत्रात घालणार नाही. त्यासाठी १९८९ चे नियम आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना पाळाव्या लागतात, संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते. ती आमच्याकडे नाही. बेकरीचं यीस्ट आम्हाला पुरेसं आहे आणि यंत्राच्या दृष्टीने पेशी कुठली याने फरक पडत नाही.

६ जुलै

इन्क्युबेटरचा खोका. इन्सुलिन आणि लसी ज्यात येतात तो जाड थर्मोकोलचा खोका औषधांच्या होलसेलवाल्याने फुकट दिला. तापमानासाठी डब्ल्यू१२०९ नावाचं छोटं थर्मोस्टॅट बोर्ड, १५० रुपये. उष्णतेसाठी आधी ४० वॅटचा पिवळा बल्ब लावला. तो बंद झाल्यावरही काच तापलेली राहते, त्यामुळे ३० वर ठेवलेलं तापमान ३३ पर्यंत चढायचं. मग शून्याचे दोन बल्ब लावले. नाव शून्य असलं तरी जुन्या तारेच्या बल्बला साधारण १५ वॅट लागतात, आणि आम्हाला हवी तेवढी मंद ऊब त्यातून मिळते. दुकानात विचारून घ्या, हल्ली त्याच आकारात एलईडी येतो आणि तो काहीच तापत नाही.

बोर्डाच्या सेटिंगमध्ये पी१ म्हणजे चालू-बंद होण्यातलं अंतर. कारखान्यातून ते २ अंशांवर येतं. ते ०.३ केल्यावर तापमान जरा ताळ्यावर आलं.

९ जुलै

बोर्डावर ३०.० दिसतंय म्हणजे बाटलीत ३० आहे असं नाही, हे आज पाऱ्याचं थर्मामीटर वापरून पाहिलं. झाकणाजवळ ३१, तळाला २६. गरम हवा वर बसून राहते. कॉम्प्युटरचा जुना पंखा कमी व्होल्टेजवर आत फिरता ठेवला, मग वरखालचा फरक अर्ध्या अंशाच्या आत आला.

सेन्सर खरा आहे का हे दोन ठिकाणी तपासलं. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी यांच्या काल्यात ० दाखवायला हवं, आमचा ०.८ दाखवत होता. मग कोमट पाण्यात सेन्सर आणि तापाचं डिजिटल थर्मामीटर एकत्र बांधून ३७ अंशांच्या आसपास वाचन घेतलं, तिथेही आमचा तेवढाच वर होता. पी४ मध्ये उणे ०.८ टाकलं. उकळत्या पाण्याची खूण वापरणार असाल तर उंची लक्षात घ्या, आमच्याकडे ५७० मीटरवर पाणी ९८ अंशांनाच उकळतं.

वायरिंगमध्ये ७२ अंशांना तुटणारा थर्मल फ्यूज घातलाय. थर्मोस्टॅटचा रिले (वीज चालू-बंद करणारा स्विच) चिकटला तर थर्मोकोल पेटू शकतो, त्यामुळे २० रुपयांचा हा तुकडा वगळू नका.

१४ जुलै

पुण्याला जाऊन खरेदी. तपकीर गल्लीत नॅनो बोर्ड (प्रोग्राम घालून यंत्र चालवणारा छोटा बोर्ड) ३२०, प्रकाश मोजायचं बीएच१७५० मॉड्यूल १७०, १२ व्होल्ट ५ अँपिअरचा अॅडॉप्टर ४५०, पेरिस्टाल्टिक पंप (रोलरने नळी दाबत द्रव ढकलणारा) ४८०. रविवार होता म्हणून जुन्या बाजारात जाऊन दोन पंखे १०० ला घेतले. सोनाराकडे असतो तसला खिशातला वजनकाटा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा, ४२०. हा शेवटचा खर्च काहींना अनावश्यक वाटेल. पुढे पंपाचं माप ठरवताना सगळा भरवसा त्याच्यावरच टाकावा लागला.

१९ जुलै

ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) म्हणून साडेसात लिटरचा घरातला जुना कुकर. नवी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह मिळून १८० रुपये.

शिट्टीचं वजन साधारण चौरस सेंटिमीटरला १ किलो दाबासाठी असतं, म्हणजे १४ पीएसआयच्या (चौरस इंचाला १४ पौंडांच्या) थोडं वर. ऑटोक्लेव्ह १५ वर चालतो. हा फरक किरकोळ आहे. पण बाहेरच्या हवेचा दाब आमच्या उंचीवर कमी असल्याने आतलं तापमान १२१ ऐवजी ११९ च्या आसपास राहतं. म्हणून वेळ १५ मिनिटांवरून ३० मिनिटांवर नेली.

पहिल्या खेपेच्या फ्लास्कपैकी अर्ध्या तिसऱ्या दिवशी गढूळ झाल्या. कारणं दोन निघाली. एक म्हणजे कापसाचे बोळे. औषधाच्या दुकानातला कापूस पाणी शोषतो. तो वाफेने भिजला आणि ओल्या बोळ्यातून जंतू आत शिरले. पावसाळ्यात तर बोळा सुकतच नाही. प्रयोगशाळेसाठीचा न शोषणारा कापूस मागवायचा तर आठवडा गेला असता. आमचे शिपाई मामा म्हणाले, "मॅडम, गादीवाल्याकडचा आणू का? त्याच्यावर पाणी थांबत नाय." तो आणला, वाटीतल्या पाण्यावर एक पुंजका टाकला, तासाभरानेही कोरडा तरंगत होता. धुऊन पांढरा न केलेल्या कापसावर नैसर्गिक मेण असतं, ते काम करतं. त्यातल्या काड्या आणि सरकीचे तुकडे तेवढे निवडून काढावे लागतात. बोळ्यावर कागदाची टोपी आणि दोरा.

२७ जुलै

फ्लास्क गढूळ होण्याचं दुसरं कारण हवा. आम्ही झाकण लावल्याबरोबर शिट्टी चढवत होतो. कुकरमध्ये कोंडलेली हवा वाफेत मिसळून राहिली की दाब पूर्ण भरतो, पण तापमान तेवढं चढत नाही. हे डोळ्यांना दिसत नाही म्हणून चाचणी केली. मीडियमच्या ट्यूबमध्ये बागेतल्या मातीची चिमूट टाकली. मातीत बॅसिलसचे बीजाणू असतात आणि ते नुसत्या उकळण्याने मरत नाहीत. टिंडलला १८७७ साली वाळल्या गवताच्या काढ्यात याच बीजाणूंनी हैराण केलं होतं. काही ट्यूब जुन्या पद्धतीने काढल्या. बाकीच्यांना आधी शिट्टीशिवाय वाफ जोरात सुटू दिली, सात मिनिटं, आणि मग शिट्टी लावून अर्धा तास ठेवलं. सगळ्या ३० अंशांत ठेवल्या.

जुन्या पद्धतीच्या ट्यूबवर सुरकुतलेली पांढरी साय आली. वाफ सोडलेल्या आठवडा झाला तरी स्वच्छ आहेत. रंग बदलणाऱ्या ऑटोक्लेव्ह टेपपेक्षा या मातीच्या चाचणीवर मी जास्त विसंबते, कारण टेप उष्णता लागली एवढंच सांगते.

आणखी काही गोष्टी ज्या कुणी सांगितल्या नव्हत्या. पहिली शिट्टी आली की गॅस बारीक करायचा, नुसती सूं सूं वाफ येत राहिली पाहिजे. प्रत्येक शिट्टीला दाब पडतो, म्हणजे मोजलेल्या वेळेतला काही वेळ फुकट जातो. तळाला दीड लिटर पाणी आणि जाळी हवीच, कारण अर्ध्या तासात बरंच पाणी उडून जातं. बाटल्यांची झाकणं अर्धा आटा सैल. बाटली अर्धीच भरायची. घाईने शिट्टी उचलली तर आगर उसळून बोळ्यापर्यंत येतं आणि सगळी खेप वाया जाते. कुकर आपणहून थंड होऊ द्यायचा.

२ ऑगस्ट

स्टरर. जुन्या पंख्याच्या मधोमध दोन निओडिमियम चुंबक, एकाचा उत्तर आणि दुसऱ्याचा दक्षिण ध्रुव वर. दोन चुंबकांमधलं अंतर आत टाकायच्या कांडीइतकं ठेवलं. कांडी म्हणून पेपर क्लिपचा तुकडा टाकला होता. दोन दिवसांत मीडियम तांबूस झालं, गंजला. टेफ्लॉनची कांडी ९० रुपयांना आणली. पंखा १२ व्होल्टवर थेट चालू केला की कांडी उडून काचेला आपटते, म्हणून एलएम२५९६ या व्होल्टेज उतरवणाऱ्या मॉड्यूलने ते ५ पर्यंत आणलं.

९ ऑगस्ट

गढूळपणा मोजायला ३० मिलीच्या व्हायलच्या एका बाजूला नारिंगी एलईडी आणि समोर बीएच१७५०. व्हायल बसते ती चकती आणि नळी काळ्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यातून कापली. सुरुवातीला एलडीआर (प्रकाशानुसार रोध बदलणारा रेझिस्टर) लावून पाहिला होता. तो प्रकाशाला फार सावकाश प्रतिसाद देतो आणि आधी अंधार होता की उजेड यावरही त्याचं वाचन बदलतं. काढून टाकला.

नुसतं मीडियम असताना वाचन ८,४०० लक्सच्या (प्रकाशाचं एकक) आसपास. यीस्ट घातल्यावर आकडा उतरायला लागला, सगळे खूश. तासाभराने आलेख पाहिला तर करवतीचे दात. आकडा दर काही मिनिटांनी वर उडी मारतो, परत खाली येतो. थर्मोस्टॅटचा टिक आवाज आणि ही उडी एकाच वेळी होते हे एका मुलीच्या लक्षात आलं. ऊब देणारे शून्याचे बल्बच सेन्सरला प्रकाश देत होते.

बल्बवर पत्र्याचा डबा पालथा घालून भागलं असतं, पण मला ओलसर खोक्यात २३० व्होल्ट नकोच वाटायला लागले होते. बल्ब काढले. १० ओहम १० वॅटचे पांढरे सिरॅमिक रेझिस्टर चार, दोन-दोन ओळीत जोडून १२ व्होल्टवर. एकूण १४.४ वॅट, प्रत्येकावर ३.६ वॅट, म्हणजे क्षमतेच्या बऱ्याच आत. अॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवून पंख्यासमोर ठेवले. साठ रुपयांत उजेडही गेला आणि धोकाही. थर्मल फ्यूज आता त्या पट्टीला चिकटून आहे. पुन्हा बांधलं तर बल्बच्या वाटेला जाणार नाही.

१३ ऑगस्ट

दात गेले. आता नवीनच. दुपारी चारच्या सुमारास गढूळपणाचा आलेख अचानक खाली, म्हणजे यंत्राच्या मते यीस्ट विरळ झालं, आणि साडेपाचला पुन्हा पूर्ववत. पण रोज नाही. पंप जोडलेला नसताना पेशी कमी होतील कशा, या प्रश्नाने आम्हाला फार छळलं. तापमान तपासलं, एलईडीचा पुरवठा तपासला, मॉड्यूल बदललं. ताकास तूर लागेना.

उत्तर पावसात होतं. ज्या दिवशी ढग उघडले त्या दिवशीच हे घडत होतं. आमच्या पश्चिमेच्या खिडकीतून ऊन टेबलावर येतं, आणि पांढऱ्या थर्मोकोलमधून उजेड आरपार जातो. मोबाइलचा टॉर्च बाहेरून लावून आत बघितलं, भिंत चक्क उजळलेली. खोक्याला बाहेरून काळा कागद लावला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रोग्राम बदलला: आधी एलईडी बंद ठेवून वाचन घ्यायचं, मग चालू करून, आणि पहिलं दुसऱ्यातून वजा करायचं. उजेड कुठूनही शिरला तरी तो दोन्ही वाचनांत सारखाच असतो.

१६ ऑगस्ट

प्रकाशाच्या वाचनाबद्दल आणखी, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला.

एलईडी सतत चालू ठेवला की तापतो आणि मंदावतो, आणि तेवढ्यानेच यीस्ट वाढल्यासारखं दिसतं. आता तो वाचनापुरता दोन सेकंद लागतो, दर वेळी तेवढाच.

ढवळणं चालू असताना भोवऱ्याचा खळगा आणि बुडबुडे किरणांत येतात. वाचनाआधी पंखा चार सेकंद थांबवतो. त्याहून जास्त थांबलं तर यीस्ट तळाशी बसायला लागतं, त्याच्या पेशी जिवाणूंपेक्षा बऱ्याच मोठ्या असतात.

गोल व्हायल भिंगासारखी वागते. तीच व्हायल जागच्या जागी थोडी फिरवली तर आकडा हजार लक्सने बदलला. काचेवर कायम मार्करने रेघ मारली, चकतीवर खाच. रेघ खाचेसमोर आलीच पाहिजे. व्हायल बदलली की कोऱ्या मीडियमचं वाचन नव्याने.

माप लावण्यासाठी दाट यीस्टची क्रमाने निम्मी-निम्मी पातळ केलेली द्रावणं बनवून विभागाच्या जुन्या कलरीमीटरवर (द्रवात किती प्रकाश अडतो ते मोजणारं यंत्र) आणि आमच्या यंत्रावर शेजारी-शेजारी मोजली. कलरीमीटरच्या ०.५ पर्यंत दोन्ही हातात हात घालून चालतात. त्यापुढे आमची रेघ वाकते, पेशी दुप्पट झाल्या तरी आकडा दुप्पट होत नाही. म्हणून यंत्र ०.४ वर चालवायचं ठरलं. त्याहून दाट चालवायचा मोह टाळा.

२२ ऑगस्ट

पंप. तो चालू-बंद करायला आयआरएफ५२० या मॉस्फेटचं (इलेक्ट्रॉनिक स्विचचं) तयार मॉड्यूल १२० रुपयांना घेतलं होतं, ते वाया गेलं. नॅनोच्या ५ व्होल्टने तो मॉस्फेट पूर्ण उघडत नाही. पंप नुसता घुमतो आणि मॉस्फेट हात लाववत नाही इतका तापतो. ५ व्होल्टवर उघडणारा आयआरएलझेड४४एन आणला, प्रश्न मिटला.

मग पंप सुरू झाला की नॅनो रीसेट व्हायला लागला. मोटर चालू होताना व्होल्टेज खचतं. पंपाच्या टोकांना उलटा १एन४००७ डायोड, १२ व्होल्टच्या ओळीवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि नॅनोला वेगळ्या एलएम२५९६ वरून वीज. त्यानंतर एकदाही रीसेट नाही.

पूर्ण १२ व्होल्टवर पंप व्हायलमधल्या २० मिली द्रवासाठी फारच धबधबा सोडतो. ६ व्होल्टवर एका डोसला १ मिली बसवला. एक डोस मोजण्यात अर्थ नाही, चुकीचा अंश मोठा असतो. शंभर डोस भांड्यात सोडून वजन केलं आणि शंभराने भागलं. नळी रोलरखाली चपटी होत जाते, तेव्हा दर आठवड्याला हे पुन्हा करावं लागेल.

२९ ऑगस्ट

व्हायलचं तोंड रबरी बुचाचं आणि त्यात तीन लांब सुया: मीडियम आत, हवा आत, टाकाऊ बाहेर. टाकाऊ सुईचं टोक २० मिलीच्या पातळीवर. माशांच्या टाकीचा २२० रुपयांचा हवेचा पंप ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून हवा ढकलतो, त्या दाबाने पातळीच्या वरचा द्रव आपोआप बाहेर पडतो. दुसरा द्रवपंप लागत नाही. कोरडी हवा व्हायलमधलं पाणी उडवते म्हणून ती आधी निर्जंतुक पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत आणली.

चाचणीत तिसऱ्या दिवशी मीडियमची मोठी बाटलीच गढूळ. वास स्वच्छ पावासारखा, सूक्ष्मदर्शकाखाली शुद्ध यीस्ट. म्हणजे बाहेरून काही आलं नव्हतं. ओल्या नळीच्या भिंतीला धरून यीस्टच वर चढत बाटलीपर्यंत पोचलं होतं. मध्ये हवेची पोकळी हवी, जिथे द्रव थेंबाने पडेल आणि सलग ओला रस्ता राहणार नाही.

यासाठी काचेचं नळकांडं बनवून घ्यायचा विचार चालू होता. एका विद्यार्थ्याची आई सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे, तो म्हणाला, "मॅडम, सलाईनच्या सेटमध्ये हेच असतं की." खरंच, थेंब मोजायची ती पारदर्शक कुपी. २५ रुपयांत, निर्जंतुक पाकिटात. टोकदार बाजू पंपाच्या सिलिकॉन नळीत, खालची नळी कापून व्हायलच्या सुईला. सेट कुकरमध्ये घालू नका, पीव्हीसी पांढरं पडून वाकतं. सिलिकॉनचा भाग कुकरमधून काढायचा, सेट पाकिटातून, आणि जोड ७० टक्के अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळू देऊन मगच ज्योतीजवळ करायचा. टोकाशी हवेचं छोटं झाकण असलेला सेट मिळाला तर ते बंद ठेवा, नाहीतर व्हायलचा दाब तिथून निसटतो.

कुपी कायम एक तृतीयांश भरलेली ठेवायची. पूर्ण भरली तर पोकळीच उरत नाही.

५ सप्टेंबर

पहिली पूर्ण चालवणी. पाकिटातलं यीस्ट थेट घालू नका, त्यात लॅक्टिक जिवाणू असतात. आम्ही आगरवर रेघोट्या ओढून एकच वसाहत उचलली होती. मीडियम नेहमीचं: लिटरला यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १० ग्रॅम, पेप्टोन २०, डेक्स्ट्रोज २०.

दीड दिवस सुरेख चाललं. मग रात्री लाइट गेली. सकाळी व्हायलला आंबट वास, सूक्ष्मदर्शकाखाली दांड्यासारखे जिवाणू. हवेचा पंप बंद पडल्यावर व्हायल गार झाली, आतली हवा आकसली, आणि टाकाऊ बाटलीत बुडलेल्या नळीतून घाण उलटी आत ओढली गेली. माशांच्या दुकानातला २० रुपयांचा एकेरी व्हॉल्व्ह बसवला. टाकाऊ नळीचं टोक आता द्रवाच्या बरंच वर लटकतं आणि बाटली टेबलाखाली ठेवलीय.

खोक्यात पाण्याने भरलेल्या लिटरभराच्या दोन बाटल्याही ठेवल्या. वीज गेल्यावर खोका त्यांच्यामुळे बराच वेळ ऊब धरून राहतो.

१९ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीत यंत्र बंद होतं, विसर्जनानंतर पुन्हा लावलं. तेवढ्यात प्रोग्राम सुधारला. वीज आली की नॅनो पहिल्यापासून सुरू होतो, आणि आमचा प्रोग्राम सुरुवातीलाच कोऱ्या मीडियमचं वाचन घ्यायचा. म्हणजे गढूळ व्हायललाच तो कोरी समजणार आणि पंप वेळेवर चालवणारच नाही. आता कोरं वाचन ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत) साठवलेलं असतं आणि फक्त बटण दाबल्यावर बदलतं. शिवाय तासाला २० डोसांची मर्यादा घातली. सेन्सरसमोर पाण्याचा थेंब जमला तर पंप मीडियमची अख्खी बाटली रिकामी करू शकतो, ते या मर्यादेने टळेल.

२५ सप्टेंबर

चाललं. पाच दिवस गढूळपणा ०.३८ ते ०.४२ मध्ये, शुद्ध यीस्ट, मीडियमची बाटली स्वच्छ.

सगळ्यात समाधानाचा आकडा असा. एका दिवसात मीडियमची बाटली १९८ मिलीने उतरली. व्हायलमध्ये द्रव २० मिली, म्हणजे तासाला ०.४१ पट द्रव बदलला जातो, आणि टर्बिडोस्टॅटमध्ये हाच वाढीचा वेग. दुप्पट व्हायला लागणारा वेळ त्यावरून १०१ मिनिटं येतो. पंप बंद ठेवून नुसत्या वाढीच्या उतारावरून काढला तेव्हा ९६ आला होता. दोन वेगळ्या वाटांनी इतकं जवळचं उत्तर आलं, आणि चांगल्या मीडियममध्ये यीस्टला दीड तासाच्या आसपास लागतात या माहितीशीही ते जुळतं. मुलांनी हा हिशोब स्वतः फळ्यावर मांडला. अशा उपकरणाचे आकडे आजवर त्यांनी फक्त पाठ्यपुस्तकात पाहिले होते.

लिटरभर मीडियम जेमतेम पाच दिवस पुरतं. चालवण्याचा खरा खर्च हाच आहे.

३ ऑक्टोबर

नवव्या दिवशी काचेवर पांढरा थर. सतत द्रव वाहत राहिला की ज्या पेशी भिंतीला चिकटतात त्या वाहून जात नाहीत, त्यामुळे चिकटणाऱ्याच टिकतात आणि वाढतात. सेन्सरला तो थर गढूळपणाच वाटतो, पंप जास्त चालतो. दर पाच दिवसांनी थोडा द्रव नव्या व्हायलमध्ये नेणं हा उपाय आहे. निर्जंतुक व्हायल, सुया आणि बूच यांचा जोडीचा संच कायम तयार ठेवलाय.

टाकाऊ बाटलीत ब्लीच, एकूण द्रवाच्या दहाव्या भागाइतकं, अर्धा तास, मग बेसिन. ब्लीच घातलेलं काही कुकरमध्ये जाणार नाही याकडे मामांचं लक्ष असतं.

१० ऑक्टोबर

हिशोब ४,१४५ रुपये. मीडियमची पावडर विभागाच्या साठ्यातली, ती यात धरलेली नाही. वाया गेलेल्यांत आयआरएफ५२० चं मॉड्यूल १२० आणि बल्ब-होल्डर-वायर १४०. पुन्हा बांधताना हे २६० रुपये वाचतील आणि त्यात दुसरी पंपनळी येईल.

तपमान, मीडियम किंवा मीठ यांपैकी एक गोष्ट बदलून वेगाची तुलना करायची तर एका वेळी दोन व्हायल हव्यात. खोक्यात जागा आहे, नॅनोवर पिना शिल्लक आहेत. पण दोन बीएच१७५० एकाच तारेवर चालवायचे तर एकाची अॅड्रेस पिन ३.३ व्होल्टला जोडून पत्ता बदलावा लागतो. या आठवड्यात दुसऱ्या चकतीसाठी पाइप कापून घेतलाय, दिवाळीआधी दोन्ही व्हायल नुसत्या पाण्यावर चालवून बघू.